लहान कारखान्याची सुरक्षा तपासणी: तयारी कशी करायची आणि दंडाची वेळ कशी येऊ द्यायची नाही

भोसरी, वाळूज, अंबड, कुपवाड, हिंगणा, कुठल्याही औद्योगिक वसाहतीत जा, पंधरा-वीस माणसांवर चालणारं प्रेस शॉप किंवा फॅब्रिकेशनचा गाळा दिसतोच. मालक सकाळी बँकेत, दुपारी ग्राहक कंपनीच्या पर्चेस विभागात आणि संध्याकाळी स्वतः मशीनवर उभा. अशा माणसाला औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडून, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या ‘फॅक्टरी इन्स्पेक्टर ऑफिस’कडून तपासणी होणार असं कळलं, की पहिला फोन सल्लागाराला जातो आणि पहिला प्रश्न असतो, ‘कोणकोणती रजिस्टरं लागतील?’

सुरुवात इथून करू नका. तपासायला येणारा अधिकारी शॉप फ्लोअरवर पाऊल टाकताच मशीन बघतो, आणि उघडा पट्टा किंवा गार्ड (हात आत जाऊ न देणारं संरक्षक कवच) नसलेली प्रेस दिसली की तुमची सगळी रजिस्टरं त्याला खोटी वाटायला लागतात. शिवाय ज्या दोषासाठी दंड होतो, त्याच दोषापायी एखाद्या पोराची बोटं जातात. म्हणून या लेखात मशीन आधी आहे आणि कागद नंतर.

पहिली पायरी: आपल्याला कोणता कायदा लागतो ते नक्की करा

२१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती संहिता, २०२० देशभर लागू झाली. १९४८ चा कारखाने कायदा आणि कंत्राटी कामगार कायदा यांच्यासह तेरा कायदे तिच्यात सामावले गेले. जुन्या कायद्यांखालचे जे नियम संहितेशी विसंगत नाहीत, ते संक्रमणाच्या काळात चालू राहतात. त्यामुळे गार्ड, क्रेन, दाबपात्रं (दाबाखालची हवा किंवा वायू साठवणाऱ्या टाक्या), प्रथमोपचार यांबाबत महाराष्ट्र कारखाने नियम, १९६३ खाली जी शिस्त तुम्ही पाळत होता ती सोडून देऊ नका. ‘कायदा बदलला, आता जुनं काही लागत नाही’ असं सांगणाऱ्यापासून लांब राहा.

आकडे असे आहेत. वीज वापरून उत्पादन होत असेल आणि २० किंवा जास्त कामगार असतील तर तो ‘कारखाना’. विजेशिवाय असेल तर ४० किंवा जास्त. पण कारखाना नसला म्हणजे सुटका झाली असं नाही, कारण १० किंवा जास्त कामगार असलेली जागा ‘आस्थापना’ ठरते आणि तिला नोंदणीसह मालकाची मूळ कर्तव्यं लागू होतात. काम धोकादायक किंवा जीविताला घातक असेल तर सरकार अधिसूचना काढून एक कामगार असलेल्या जागेलाही संहिता लावू शकतं.

माणसं मोजताना गफलत होते. कंत्राटदाराची माणसं, दुसऱ्या पाळीतली माणसं, रोजंदारीवरचा हेल्पर, सगळे मोजायचे. शेजारचा गाळा बायकोच्या नावावर, त्याच्यामागचा भावाच्या नावावर, आणि तिन्हीकडे नऊ-नऊ माणसं, अशी वाटणी अनेक ठिकाणी दिसते. वीजजोडणी, माल आणि सुपरवायझर एकच असेल तर ती वाटणी तपासणीत टिकेल या भरवशावर राहू नका. अपघातानंतर तर अजिबात नाही.

आग आणि वीज यांची खाती वेगळी. अग्निसुरक्षेसाठी महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ आहे, आणि विजेसाठी विद्युत निरीक्षक. एका खात्याचं प्रमाणपत्र दुसऱ्या खात्यापुढे चालत नाही.

दुसरी पायरी: दंडाची रक्कम समजून घ्या

जुन्या कारखाने कायद्यात सर्वसाधारण उल्लंघनाला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद होती. ‘पर्यंत’ असल्यामुळे न्यायालयात किरकोळ रकमेवर प्रकरण मिटायची शक्यता असायची. संहितेत चित्र पालटलं. ज्या उल्लंघनासाठी वेगळी शिक्षा सांगितलेली नाही, त्याला किमान २ लाख आणि कमाल ३ लाख रुपये शास्ती आहे. दोषी ठरल्यावरही उल्लंघन चालूच राहिलं तर रोज २,००० रुपयांपर्यंत आणखी. वीस माणसांच्या गाळ्यासाठी दोन लाख म्हणजे माणशी दहा हजार रुपये किंवा एका चांगल्या गार्डिंगची किंमत, हे डोक्यात ठेवा.

रजिस्टर न ठेवणं किंवा विवरणपत्र न भरणं यासाठी ५०,००० ते १ लाख. नोंदी खोट्या केल्या किंवा अधिकाऱ्याला अडवलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. रजिस्टर अपुरं असणं आणि रजिस्टर खोटं असणं यांत फरक आहे. आदल्या रात्री बसून वर्षभराच्या सह्या मारलेल्या रजिस्टरापेक्षा अर्धवट पण खरं रजिस्टर दाखवणं केव्हाही बरं.

मालकाने कर्तव्य पाळलं नाही आणि त्यातून मृत्यू झाला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान ५ लाख दंड, किंवा दोन्ही. गंभीर इजा झाली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २ ते ४ लाख दंड, किंवा दोन्ही. या दंडातला निम्मा किंवा त्याहून जास्त भाग जखमीला किंवा वारसांना द्यावा असा आदेश न्यायालय देऊ शकतं. ही तरतूद मला फार योग्य वाटते. आजवर दंड सरकारजमा व्हायचा आणि ज्याचा हात गेला त्याच्या घरी त्यातलं काही पोचायचं नाही.

तिसरी पायरी: मशीनपासून फेरी मारा

एक दिवस ठरवा. मशीन चालू असताना, नेहमीची माणसं नेहमीसारखी काम करत असताना फिरा. रविवारी बंद शेडमध्ये फिरून काही कळत नाही, कारण गार्ड लावलेला असतो की काढून भिंतीला टेकवलेला असतो हे चालू पाळीतच दिसतं. वही आणि मोबाइल बरोबर घ्या, प्रत्येक दोषाचा फोटो काढा.

पॉवर प्रेस, म्हणजे पत्रा दाबून कापणारं किंवा आकार देणारं मशीन, असेल तर तिथून सुरुवात करा. लहान उद्योगांत बोटं सर्वांत जास्त जातात ती याच मशीनवर, त्यामुळे इथे थोडं थांबून बोलतो. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या सी-फ्रेम प्रेस किल्लीच्या, म्हणजे की-क्लचच्या आहेत. पेडल दाबलं, किल्ली बसली, की फ्लायव्हील क्रँकला धरून पूर्ण फेरी मारतं. मध्येच थांबवणं शक्य नसतं. म्हणून अशा प्रेसवर फोटो सेन्सरचा पडदा बसवून काहीच साधत नाही. सेन्सरला हात दिसेल, पण रॅम (प्रेसचा वरून खाली येणारा भाग) खाली यायचा तो येणारच. सेन्सर उपयोगी पडतो तो न्यूमॅटिक किंवा फ्रिक्शन क्लचच्या, स्ट्रोकच्या मध्ये ब्रेक लागणाऱ्या प्रेसवर. विक्रेता हा फरक सांगत नाही आणि मालक पंचवीस-तीस हजार घालून निर्धास्त होतो.

किल्लीच्या प्रेसवर काय करायचं? सगळ्यात चांगला उपाय म्हणजे डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचाच, बंदिस्त करणं. पट्टी एका बाजूने सरकवता येईल एवढीच फट ठेवायची, बोट आत जाणार नाही अशी, ६ मिलिमीटरपेक्षा मोठी नाही. सुटे तुकडे हाताने ठेवावे लागत असतील तर सरकता ट्रे किंवा घसरण लावा, म्हणजे तुकडा डायच्या बाहेर ठेवून आत ढकलता येतो. तेही जमत नसेल तर पुढे आडवा येणारा इंटरलॉक गार्ड लावा, जो बंद झाल्याशिवाय क्लच बसतच नाही. चिमटा किंवा चुंबकाची दांडी द्या, पण फक्त तिच्यावर विसंबू नका. तासाला सहाशे तुकडे मारायचे असतील तर ऑपरेटर अर्ध्या तासात चिमटा बाजूला ठेवतो. इथे ऑपरेटरला दोष देण्याआधी तुकड्याचा दर आणि दिवसाचं टार्गेट बघा. गार्डसह जेवढे तुकडे निघतात तेवढंच टार्गेट धरलं, तरच गार्ड जागेवर राहतो.

डबल स्ट्रोकची, म्हणजे पेडल एकदा दाबल्यावर रॅम दोनदा खाली येण्याची, तक्रार ऑपरेटरने एकदा जरी केली, तरी प्रेस त्या क्षणी बंद करा. किल्ली झिजलेली असते, तिची स्प्रिंग तुटलेली असते किंवा ब्रेकचा पट्टा सैल झालेला असतो. ‘ही पाळी काढून घेऊ, उद्या फिटर बोलावू’ या एका वाक्याने किती संसार मोडले आहेत ते ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) रुग्णालयाच्या बाहेर उभं राहिलं तर कळतं. पेडलवर लोखंडी झाकण हवं, वरून काही पडून किंवा चुकून पाय लागून स्ट्रोक पडू नये. डाय बसवताना मेन स्विच बंद, त्याला कुलूप आणि कुलपाची किल्ली डाय बसवणाऱ्याच्या खिशात. फ्लायव्हील पूर्ण थांबल्याशिवाय आत हात नाही, आणि रॅमखाली लाकडी किंवा धातूचा आधार.

बाकीची मशीन्स त्यामानाने सोपी. पट्टा, पुली, चेन, गिअर, शाफ्टचं टोक, जे फिरतं ते झाकलेलं हवं, आणि जाळी बोल्टने बसवलेली हवी, तारेने बांधलेली नको. बेंच ग्राइंडरचा टूल रेस्ट (तुकडा टेकवायची पट्टी) चाकापासून ३ मिलिमीटरच्या आत. चाकावर लिहिलेले आरपीएम मशीनच्या आरपीएमपेक्षा कमी असतील तर ते चाक लावूच नका. फिरत्या ड्रिलवर आणि लेथवर कापडी हातमोजे घालू देऊ नका, मोजा अडकला की हात ओढला जातो. वेल्डिंगच्या जागी सिलिंडर उभे आणि साखळीने बांधलेले, ऑक्सिजनच्या वॉल्व्हला तेल-ग्रीस नाही, होजला फ्लॅशबॅक अरेस्टर (ज्वाळा उलटी सिलिंडरकडे जाऊ न देणारा भाग).

कॉम्प्रेसरच्या हवेच्या टाकीकडे फारसं कोणी लक्ष देत नाही, पण अधिकारी नेमकी तीच विचारतो. दाबपात्राची बाहेरून तपासणी दर सहा महिन्यांनी आणि आतून दर बारा महिन्यांनी करून घ्यायची. चेन ब्लॉक, होइस्ट, साखळ्या, स्लिंग यांची सखोल तपासणी वर्षातून एकदा. ही तपासणी सरकारमान्य ‘सक्षम व्यक्ती’नेच करायची असते. तिच्या मान्यतेची प्रत मागून घ्या आणि मुदत संपलेली नाही ना ते पाहा. मशीन न बघता गाडीत बसून प्रमाणपत्र देणारे लोकही भेटतील. त्यांचा कागद अपघाताच्या चौकशीत तुमच्याच विरुद्ध जातो.

विजेच्या पॅनलला दार, पुढे रबर मॅट, एक मीटर मोकळी जागा, आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि अर्थिंगच्या चाचणीची तारखेसह नोंद. पावसाळ्याआधी अर्थिंग बघून घेणं कोकणात आणि मुंबईच्या पट्ट्यात तर टाळूच नका.

आगीबद्दल हात जोडून सांगतो, बाहेर पडायची वाट अडवू नका. ७ जून २०२१ ला मुळशीतल्या उरवडे इथे आणि ८ डिसेंबर २०२३ ला पिंपरी-चिंचवडच्या तळवड्यात लागलेल्या आगी आठवा. दोन्हीकडे कामावर आलेल्या बायका आत अडकल्या आणि घरी परतल्या नाहीत. आपल्या शेडचं मागचं दार आज उघडून बघा. ते उघडतं का, बाहेरच्या बाजूला उघडतं का, त्याच्यासमोर मालाचे खोके नाहीत ना, आणि पाळी चालू असताना त्याला कुलूप नसतं ना? थिनर, रंग, पॅकिंगचा फोम एका दिवसाला लागेल तेवढाच शॉप फ्लोअरवर ठेवा. अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं ‘फॉर्म बी’ वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचं असतं. एजन्सीचा माणूस आला की त्याच्याकडूनच चार कामगारांना सिलिंडर हातात देऊन चालवायला शिकवून घ्या.

चौथी पायरी: दोषांची वही

फेरीत सापडलेला प्रत्येक दोष एका वहीत लिहा: तारीख, मशीन, दोष, दुरुस्ती कोण करणार, केव्हापर्यंत, आणि झाल्याची तारीख. सोबत आधीचा आणि नंतरचा फोटो, फिटरचं किंवा दुकानाचं बिल. तुम्ही धोका ओळखला आणि तो दूर करायला लागलात हे दाखवणारा याहून भक्कम पुरावा लहान उद्योजकाकडे दुसरा नसतो. मात्र दोष लिहून ठेवला आणि सहा महिने काहीच केलं नाही, तर तीच वही ‘माहीत असून दुर्लक्ष केलं’ याचा पुरावा होते. म्हणून लिहिलं की करा. पैसे अपुरे असतील तर दोष दुरुस्त होईपर्यंत ते मशीन बंद ठेवा आणि तशी नोंद करा.

आधी कुठे खर्च करायचा? ज्यात हात किंवा जीव जाऊ शकतो तिथे आधी. गार्ड, इंटरलॉक, अर्थिंग, बाहेर पडायची वाट. रंगरंगोटी आणि सुरक्षेची पोस्टरं नंतर.

पाचवी पायरी: कागद

एका फाइलमध्ये हे ठेवा: नोंदणी किंवा परवाना आणि मंजूर नकाशा, हजेरी, वेतन आणि ओव्हरटाइमच्या नोंदी, अपघात नोंदवही, सक्षम व्यक्तीची प्रमाणपत्रं, फॉर्म बी, अर्थिंग चाचणी, प्रशिक्षणाची नोंद, हेल्मेट-बूट-मोजे दिल्याची सहीसह यादी, ईएसआय आणि पीएफची चलनं, मागच्या तपासणीचे शेरे आणि त्यांना दिलेली उत्तरं. संहितेप्रमाणे प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र द्यायचं आहे, ते लहान गाळ्यांत हमखास राहून जातं. ओव्हरटाइम दुप्पट दराने दिल्याचं कागदावर दिसायला हवं, आणि हजेरीतले तास खरे हवेत.

परवान्यावर मंजूर कामगारसंख्या आणि अश्वशक्ती किती आहे ते आज वाचा. धंदा वाढला, दोन मशीन्स आली, आणि परवाना पाच वर्षांपूर्वीचाच राहिला, हे फार ठिकाणी आढळतं.

सहावी पायरी: तपासणीच्या दिवशी

संहितेत अधिकाऱ्याचं नाव ‘निरीक्षक-नि-सुविधाकार’ आहे, म्हणजे सल्ला देणंही त्याचं काम आहे. कोणत्या जागेची तपासणी करायची हे संगणकावर यादृच्छिक पद्धतीने ठरवण्याची सोय संहितेत आहे, पण तक्रार किंवा अपघातानंतर तो थेट येऊ शकतो.

ओळखपत्र बघा. तोतये फिरतात, त्यामुळे ते मागण्यात काही गैर नाही. मग स्वतः किंवा मशीनची माहिती असलेल्या सुपरवायझरसह पूर्ण वेळ सोबत राहा. कामगारांशी त्याला एकट्याने बोलायचं असेल तर बोलू द्या. कामगारांना उत्तरं पाठ करून देऊ नका, दुसऱ्या प्रश्नाला ती उघडी पडतात. जे माहीत नाही त्याला ‘बघून लेखी कळवतो’ म्हणा. अधिकारी जे लिहून घेतो, ज्याचे फोटो काढतो, त्याची तुमच्या वहीत नोंद ठेवा. एखादा दोष त्याच्यासमोर दूर होण्यासारखा असेल, उदाहरणार्थ दारासमोरचे खोके, तर लगेच दूर करा आणि तसं नमूद करायची विनंती करा. जबाबावर वाचूनच सही करा. स्वतःला गुन्ह्यात गोवणारं उत्तर द्यायची सक्ती कोणावर करता येत नाही, पण त्याचा अर्थ कागद लपवणं असा होत नाही.

आता पैशांचं. ‘साहेबांचं मी बघून घेतो’ असं सांगणारा मध्यस्थ भेटला तर त्याला तिथेच थांबवा. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हाही गुन्हा आहे. तुमच्यावर जबरदस्ती झाली असेल तर सात दिवसांच्या आत तक्रार केल्यावर कायदा संरक्षण देतो. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक १०६४ आहे. आणि पैसे देऊन शेरा टळला तरी प्रेस तशीच उघडी राहते.

सातवी पायरी: शेरे किंवा नोटीस आल्यावर

नोटिशीचं पाकीट मिळालं तो दिवस लिहून ठेवा. मुदत तिथून मोजली जाते. उत्तर मुद्देसूद द्या, नोटिशीतल्या क्रमानेच: मुद्दा, केलेली कारवाई, तारीख, पुराव्याचा फोटो आणि बिल. जे अजून झालं नाही त्याला खरी तारीख द्या, आणि ऑर्डर दिल्याची प्रत जोडा. इंटरलॉक गार्ड बनवायला तीन आठवडे लागणार असतील तर तीन आठवडेच मागा, आणि तोवर ती प्रेस बंद ठेवल्याचं कळवा. ‘यापुढे काळजी घेऊ’ एवढ्या एका ओळीच्या उत्तराने प्रकरण पुढे सरकतं ते खटल्याच्याच दिशेने. उत्तराची पोच घ्या.

नोटिशीतला एखादा मुद्दा चुकीचा वाटत असेल, तर नम्रपणे पण स्पष्ट लिहा, का चुकीचा आहे ते आधार देऊन. अधिकारीही माणूसच आहे, त्याचंही निरीक्षण चुकू शकतं. मात्र एखादं मशीन किंवा जागा लगेच धोकादायक आहे म्हणून वापर थांबवायचा लेखी आदेश आला, तर तो आधी पाळा आणि मग दाद मागा.

शास्ती ठरवण्याआधी तुमचं म्हणणं ऐकलं जातं. त्या सुनावणीला सल्लागाराला एकट्याला पाठवू नका. स्वतः जा, दोषांची वही आणि फोटो घेऊन. आदेश विरोधात गेला तर अपिलाची सोय आहे, त्याची मुदत आदेशात बघून घ्या. पहिल्यांदाच झालेल्या, फक्त दंडाच्या गुन्ह्यात तडजोडीचा अर्जही करता येतो. त्यात कमाल दंडाच्या निम्मी रक्कम भरून प्रकरण मिटतं. मृत्यूच्या प्रकरणात मात्र ही वाट नाही.

अपघात झालाच तर

मशीन बंद करा, वीज तोडा, माणसाकडे बघा. बोट तुटलं असेल तर ते स्वच्छ, ओलसर गॉजमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फात टाकू नका, पेशी खराब होतात आणि जोडायची संधी जाते. बोट जोडण्याची सोय असलेलं जवळचं रुग्णालय कोणतं ते आजच शोधून नंबर भिंतीवर लावा. ऐनवेळी दोन दवाखाने फिरण्यात मोलाचे तास जातात.

अपघाताची जागा जशीच्या तशी ठेवा. गार्ड नंतर बसवून फोटो काढण्याचा मोह आवरा, तो पुराव्यात फेरफार आहे. मृत्यू झाला, किंवा जखमी ४८ तास किंवा जास्त कामावर येऊ शकणार नसेल, तर फॅक्टरी इन्स्पेक्टर ऑफिसला सूचना द्यावी लागते. मृत्यूच्या वेळी पोलिसांनाही लगेच. ईएसआयला २४ तासांत अपघाताचा अहवाल द्या. १० किंवा जास्त कामगार असलेल्या जागेत दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणारे कामगार ईएसआयखाली येतात. त्यात मालकाचा वाटा ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५ टक्के. कामगाराची ईएसआयमध्ये नोंद पहिल्या दिवसापासून असेल तर कायमच्या अपंगत्वाचं मासिक पेन्शन महामंडळाकडून मिळतं. अपघातानंतर घाईघाईने कालच्या तारखेने नोंद करायला गेलात तर ती फसवणूक ठरते, आणि महामंडळ द्यावा लागलेला लाभ मालकाकडून वसूल करू शकतं.

त्याच जातीची दुसरी प्रेस शेडमध्ये असेल तर तीही त्याच दिवशी थांबवा आणि तिची किल्ली, स्प्रिंग आणि ब्रेक उघडून बघा. जखमी कामगार बरा होऊन परत येईल तेव्हा त्याला पगार न कापता दुसरं काम द्या, आणि त्या प्रेसवर नेमकं काय झालं ते त्याच्याच तोंडून ऐकून नवा गार्ड करून घ्या.